'ब्लड अँड थंडर'चे भाषांतर करताना

आपण भाषांतराला नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून आवर्जून सांगतो की 'ब्लड अँड थंडर' या इंग्रजी वाक्प्रचाराचे 'रक्त आणि गडगडाट' असे शब्दशः रूपांतर करू नये. खून, सूड आणि टोकाच्या भावना यांनी भरलेल्या भडक नाटकाला किंवा कथेला उद्देशून तो वापरतात. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला १८१८ साली उघडलेले कोबर्ग थिएटर, म्हणजे आजचे ओल्ड व्हिक, अशाच मेलोड्रामासाठी ओळखले जाई. 'तिखटमीठ लावणे' हा पर्याय मला इथे पटत नाही, कारण त्यात घडलेली गोष्ट वाढवून सांगणे अभिप्रेत असते. 'भडक, खूनखराब्याचे नाटक' हे अधिक जवळचे आहे. मूळ वाक्यात बहुधा नापसंतीची छटा असते, ती मात्र हरवू देऊ नये.