मशीन लावलं तरी पोराला वर्गात समजत नाही

प्रश्न: ताई, माझा पोरगा गावच्याच जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मागच्या वर्षी मशीन भेटलं, वाटलं आता झालं. पण वह्या भरून येतात अन् विचारलं तर काहीच सांगता येत नाही. गुरुजी म्हणतात याला अमरावतीच्या मूकबधिर शाळेत टाका. एवढ्या लहान लेकराला लांब कसं ठेवायचं जी? अन् इथून नाव काढू शकतात का? – एक आई, ता. दारव्हा

उत्तर: ताई, नाव काढता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवी होईपर्यंत शाळा कोणत्याच लेकराला काढू शकत नाही, अन् 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत नाहीतर आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत फुकट शिक्षण आहे, म्हणजे पसंती तुमची.

आता वह्यांचं. तो बोर्डावरून उतरवतो, ऐकत नाही. मशीन सगळाच आवाज मोठा करतं, गुरुजींचा बी, पत्र्यावरच्या पावसाचा बी, बाजूच्या वर्गातल्या पाढ्यांचा बी. त्यात गुरुजी बोर्डाकडे तोंड करून बोलले की ओठही दिसत नाहीत, मग लेकरू काय समजणार! त्याला पहिल्या रांगेत बसवा, गुरुजींच्या तोंडावर उजेड पडेल असं. गुरुजींना म्हणा, आधी लिहा, मग वळून बोला, ओरडू नका, ओरडल्यानं ओठांचा आकार बदलतो. अन् "समजलं का" विचारू नका, तो हो म्हणूनच मान हलवेल, काय समजलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

घरी रोज सकाळी सेल बघा, छोटा सेल साधारण आठवडा-दोन आठवडे चालतो, अन् संपलेल्या सेलचं मशीन म्हणजे कानात बूच. मशीनची शिट्टी वाजत असेल तर मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा कानात बसणारा तुकडा, ढिला झाला असंल, लेकरं वाढतात तसा तो बदलावाच लागतो, माझ्या मते तुम्ही सुरुवात इथूनच करा.

पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, ते शाळेत येऊन गुरुजींनाही दाखवतात, त्यासाठी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या अन् पोच घ्या. विशेष शाळा वाईट नाही, एवढं करूनही बोलणं-समजणं पुढे सरकलं नाही अन् खुणांची भाषा लागणार असं दिसलं तर जरूर विचार करा, पण आधी हे एक सत्र तरी करून बघा. मोल्डचं काय झालं ते कळवा.