भाडं साडेचौदा लाख, पण कर कशावर?

प्रश्न: ऑगस्ट 2024 पर्यंत मी महिना 18,000 रुपये पगारावर ट्रक चालवत होतो. 20 ऑगस्टला फायनान्सवर जुनी दहाचाकी घेतली, आरसीवर माझं नाव ऑक्टोबरमध्ये लागलं. ट्रान्सपोर्टवाल्यानं भाड्यातून एक टक्का टीडीएस (आगाऊ कर) कापला. तो परत मिळावा म्हणून एजंटानं फक्त पगार दाखवून आयटीआर-1 हे आयकर विवरणपत्र भरलं. आता आयकर खात्याची कलम 139(9) ची नोटीस आली आहे. वर्षभरात मिळालेल्या 14,60,000 रुपये भाड्यावर कर भरावा लागेल का? डिझेल आणि हप्ते भागवून हातात काहीच उरलेलं नाही. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: नाही. भाडं म्हणजे उत्पन्न नव्हे. ही नोटीस दंडाचीही नाही. तुमचं विवरणपत्र सदोष आहे, एवढंच ती सांगते. तुम्ही 14,600 रुपयांचा टीडीएस मागितला, पण तो ज्या भाड्यातून कापला ते भाडं कुठेच दाखवलं नाही. शिवाय धंद्याचं उत्पन्न असलेल्याला आयटीआर-1 चालत नाही. मात्र नोटिशीच्या तारखेपासून 15 दिवसांत उत्तर द्या. जमणार नसेल तर मुदत संपण्याआधीच वाढवून मागा. उत्तर दिलं नाही, तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं आणि परतावा अडकतो.

दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्यांसाठी 1961 च्या आयकर कायद्यात कलम 44एई आहे. एकूण वजन 12,000 किलोच्या वर असेल, तर दर टनामागे महिना 1,000 रुपये उत्पन्न धरतात. त्याहून लहान गाडीला महिना 7,500. इथे वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून आरसीवर लिहिलेलं एकूण वजन. एजंट बरेचदा फक्त मालाचे टन धरतात आणि आकडा चुकतो. तुमच्या आरसीवर 28,000 किलो असेल, तर महिन्याला 28,000 रुपये.

आता महिने. आरसी ऑक्टोबरची म्हणून सहा महिने धरा, असं कोणी सांगेल. ऐकू नका. हप्त्यावर घेतलेली गाडी ज्याच्या ताब्यात, तोच या कलमापुरता मालक मानला जातो, पैसे फिटलेले नसले तरी. महिन्याचा तुकडासुद्धा पूर्ण महिना धरतात. म्हणून ऑगस्ट ते मार्च, आठ महिने: 2,24,000 रुपये. गाडी मध्ये गॅरेजला उभी असली तरी महिना वजा होत नाही.

यातून डिझेल, टायर, क्लीनरचा पगार, कर्जाचं व्याज, घसारा पुन्हा वजा करता येत नाही. ते सगळं या आकड्यात धरलेलंच आहे. प्रत्यक्ष नफा याहून जास्त दाखवला, तर तो जास्तीचा आकडा धरतात. कमी दाखवायचा असेल, तर हिशेबाच्या वह्या आणि ऑडिट लागतं. तुमच्या बाबतीत त्या वाटेला जाण्यात काहीच अर्थ नाही. कारण पुढे दिसेल.

पगार एप्रिल ते ऑगस्ट, पाच महिन्यांचा 90,000. ट्रिपला मिळालेली डिझेल-टोलची खर्ची मालकाच्या कामावर खर्च केली, ती पगारात धरू नका. नव्या करप्रणालीत पगारातून 75,000 प्रमाणित वजावट मिळते, उरतात 15,000. एकूण उत्पन्न 2,39,000. त्या वर्षी (2024-25) 3,00,000 पर्यंत कर नव्हता. म्हणजे कर शून्य आणि 14,600 पूर्ण परत. एजंटानं जुनी प्रणाली निवडून विम्याची वजावट लावली असेल, तर ती सोडा. धंद्याचं उत्पन्न असताना जुन्या प्रणालीसाठी मुदतीआधी फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. तो तुम्ही भरलेला नसणार आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

आयकर पोर्टलवर ई-प्रोसिडिंग्जमध्ये नोटीस उघडा, दोष मान्य करा आणि आयटीआर-4 हे विवरणपत्र जोडा. त्यात गाडीचा नंबर, टन आणि महिने भरा. टीडीएसच्या तक्त्यात भाड्याची रक्कम फॉर्म 26एएसप्रमाणे (तुमच्या पॅनवर कापलेल्या कराचा उतारा) 14,60,000 आणि शीर्षक 'व्यवसाय' लिहा. तिथे 2,24,000 लिहिलं की आकडे जुळत नाहीत आणि पुन्हा नोटीस येते. शेवटी ई-पडताळणी विसरू नका. पोर्टलवर एजंटाचा मोबाईल आणि ईमेल असेल, तर आजच बदलून घ्या, नाहीतर पुढची नोटीसही त्याच्याच फोनवर जाईल. परताव्याचं बँक खातंही तुमच्याच नावाचं आहे ना, ते पाहा.

कापाकापीच टाळायची असेल, तर ट्रान्सपोर्टवाल्याला दर आर्थिक वर्षी लेखी द्या: 'या वर्षात माझ्या मालकीच्या मालवाहू गाड्या कोणत्याही वेळी दहापेक्षा जास्त नाहीत.' खाली पॅन आणि सही. 1961 च्या कायद्याच्या कलम 194सी(6) नुसार मग त्यानं टीडीएस कापायचा नसतो. त्याच्या सही-शिक्क्याची पोच घेऊन आरसीसोबत ठेवा.