वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर बायकोला घरी आणायचंय, बेड आणि खुर्ची कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात बायकोचं स्लीव्हचं (जठर कापून लहान करण्याचं) ऑपरेशन आहे, घर गोव्यात डिचोलीकडे, घरात आई आहे, आणि प्रश्न एवढाच की वरखाली होणारा बेड भाड्याने आणावा की रिक्लायनर विकत घ्यावा. बेडचं शेवटी सांगते. आधी मला सांगा, घरात आई आहे म्हणजे पेज आहे, बरोबर?

मी ऑपरेशन झालेल्यांच्या घरी जाऊन ड्रेसिंग आणि इंजेक्शनं बघणारी नर्स. फोंड्याच्या बाजूला एका घरी नवव्या दिवशी गेले होते. खोली बघत राहावी अशी. भाड्याचा हॉस्पिटलचा पलंग, उशाशी बेल, न्हाणीघरात दोन नवे कोरे दांडे. आणि त्या पलंगावरची बाई उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. बीपी ९०/६०, जीभ कोरडी, लघवी दिवसातून दोनदा आणि तीही गडद पिवळी. टेबलावर स्टीलच्या पेल्यात उकड्या तांदळाची पेज, चवीला तोराच्या (कोवळ्या कैरीच्या) लोणच्याचं पाणी. सासूबाई डवली हातात घेऊन दारात उभ्या.

डिस्चार्जच्या कागदावर आहाराची एकच ओळ होती: दोन आठवडे पातळ आहार. आपल्याकडे पातळ म्हटलं की पेजच. त्या माउलीचं काय चुकलं? कागद देणाऱ्याचं चुकलं.

आता हिशेब बघा. वाटीभर पातळ पेजेत तांदूळ फार तर २० ग्रॅम. तांदळात प्रथिनं १०० ग्रॅमला ७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाटीला दीड ग्रॅमसुद्धा नाही. दिवसाला सहा वाट्या ढोसल्या तरी आठ-नऊ ग्रॅम, आणि लागतात ६० ते ८०. त्यात सहा वाट्या जाणार कुठे? स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. उरते केळ्याएवढी नळी, तीही पहिले काही दिवस सुजलेली. एका वाटीला पाऊण तास लागतो. तो वेळ आणि ती जागा पेजेने खाल्ली की प्रथिनं राहून जातात आणि पाणीही राहून जातं. शिवाय सासूबाईंनी मायेने तळाची शितं चेपून घातली होती. फुगलेलं शीत दुसऱ्या आठवड्यात त्या नळीत अडकतं, मग छातीत दाटतं, तोंडाला फेस येतो, उलटी होते, आणि प्रत्येक उबळीचा ताण टाके भरत असलेल्या जागेवर.

सासूबाई म्हणाल्या, ‘पेज खाऊन कोण मेलाय काय आजवर?’ नाही मेला. पण आजवर पेज प्यायलेल्यांची जठरं शाबूत होती.

अंधारीचं दुसरं कारण औषधांच्या डब्यात सापडलं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि ती ऑपरेशनआधीच्याच मापाने चालू होती. पोटात पाणी जेमतेम अर्धा लिटर, आणि गोळी तेही बाहेर काढतेय. तिथूनच सर्जनना फोन लावला. त्यांनी ती गोळी बंद केली आणि सलाइनसाठी बोलावून घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी बाई सोप्यापासून तुळशीपर्यंत स्वतःच्या पायांनी फेऱ्या मारत होती. पलंगाचं भाडं मात्र महिन्याचं आगाऊ गेलं होतं.

तर तयारी स्वयंपाकघरातून सुरू करा. कपाटात पेग मोजायचं स्टीलचं माप असेलच, एका बाजूने ३० मिली, दुसऱ्या बाजूने ६०. ते धुऊन बायकोच्या उशाशी ठेवा. दर पंधरा मिनिटांनी ३० चं एक माप पाणी, दोन-तीन घोटांत, मोबाइलवर गजर लावून. जागेपणीच्या तेरा तासांत दीड लिटर होतो. स्ट्रॉ नको, हवा आत जाते. सोडा आणि गॅसची पेयं नकोत. शहाळ्याचं पाणी चालतं, पण तेही याच मापाने. सोलकढीत मिरची-लसूण असते, ती सध्या राहू दे. नाचण्याच्या तिजानात (लापशीत) गूळ असतो, तेही.

प्रथिनांसाठी व्हे आयसोलेट (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची पावडर) आणा, कॉन्सन्ट्रेट नव्हे, त्यात लॅक्टोज जास्त असतं आणि पोट बिघडतं. एका स्कूपला साधारण २५ ग्रॅम. दोन स्कूप आणि दिवसभरात ४०० मिली दूध, झाले ६० च्या वर. दोन किलोचा व्हॅनिलाचा डबा आधीच आणून ठेवू नका. ऑपरेशननंतर तोंडाची चव पालटते आणि जो वास काल आवडत होता त्याने आज मळमळतं. बिनवासाचं लहान पाकीट घ्या. उकळत्या दुधात घातलं तर गुठळ्या होतात, कोमट झाल्यावर घाला आणि गाळून द्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, पाचव्यापासून मऊ. तेव्हा मुडदुशी मासा उकडून, काटे काढून, बोटांनी चुरून द्या. यासारखं दुसरं नाही. मात्र तारीख बघून घ्या: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं तर नेमका मऊ खाण्याचा टप्पा त्या बंदीत येतो, मग अंडं आणि पनीर यांवरच भिस्त. आणि चवथीच्या आधी महिनाभर ऑपरेशन ठेवू नका. नेवऱ्यांच्या ताटापुढे आणि ‘एकच घे गे’ म्हणणाऱ्या पाहुण्यांपुढे कुणाचा निभाव लागत नाही. उर्राकाचं तर विचारूच नका. या ऑपरेशननंतर दारू झटकन चढते. वर्षभर तरी नाव काढू नका.

औषधांचा खण रिकामा करून पुन्हा भरा. कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या घरातून बाहेर, अल्सर होतो. दुखलं तर पॅरासिटॅमॉल. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नका, डोस एकदम उतरतो. मधुमेह असेल तर साखर पहिल्याच आठवड्यात उतरायला लागते, तेव्हा ग्लुकोमीटर आणि बीपीचं यंत्र घरात हवंच, आणि जुन्या मापाने इन्सुलिन टोचू नका. रक्त गोठू नये म्हणून पोटावर घ्यायची इंजेक्शनं दिली असतील तर सुया टाकायला जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी.

चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. विहिरीची भरलेली बादली १५ किलो असते. वर्षाचं मूलही पाच किलोच्या वर जातं. रोजच्या वस्तू कंबरेच्या उंचीवर आणून ठेवा.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा: बसल्या जागी नाडी १२० च्या वर, ताप १०१ च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, एकाच पायाची पोटरी सुजणं. यातलं काहीही दिसलं तर १०८. खांदा पहिले दोन-तीन दिवस ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो, ते चालतं, पण डाव्या खांद्याचं दुखणं आणि नाडी दोन्ही वाढत असतील तर थांबू नका, शिवण गळत असू शकते. आणि दोन-तीन दिवस उलट्या होत राहिल्या तर जवळच्या दवाखान्यात जाऊन नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवून घेऊ नका. आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांगा. ते कमी असताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला धोका असतो. हे तिथल्या डॉक्टरांना माहीत असतं, पण पेशंटचं असं ऑपरेशन झालंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हे आकडे मूत्रपिंडाचा आजार नसलेल्या मोठ्या माणसाचे. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. स्लीव्हऐवजी जठराचं बायपास असेल तर साखरेचं पथ्य आणखी कडक.

आता बेड. आहे तोच ठेवा, उंची गुडघ्याएवढी असली की झालं. डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे सरकवा, आंबट पाणी वर येत नाही. चिऱ्याचे तुकडे नकोत, घसरतात. उठताना सरळ बसायचं नाही: कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपराने रेटा द्यायचा. रिक्लायनरचे पैसे वाचवा. दोन हातांची लाकडी खुर्ची बरी. प्लास्टिकच्या खुर्चीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. संडास देशी असेल तर मात्र कमोडची खुर्ची भाड्याने आणाच, तीही वजन बघून. आणि न्हाणीघर घराबाहेर असेल तर पावसात तिथपर्यंतच्या वाटेवर गोणपाट घाला.

पेज सहाव्या आठवड्यानंतर. आधी मासा किंवा अंडं पोटात जाऊ दे, मग पेजेचे चार चमचे, शीत न् शीत चावून. हा वाद मी माझ्या जावेशी गेली वीस वर्षं घालतेय. तुमच्या आईला हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा, माझ्या जावेने अजून वाचलेलं नाही.