लेकीला कॅज्युअल्टीत काम करायचंय

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. गेल्या पावसाळ्यात तुमच्या १६ वर्षांच्या भाच्याने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला आणि चार रात्री ती रुग्णालयात त्याच्या खाटेशेजारी बसून होती. तेव्हापासून 'मला हेच काम करायचंय' म्हणते. तिचे बाबा म्हणतात, बी.एड. कर नाहीतर स्पर्धा परीक्षा दे. तुम्ही विचारलंय: शिकायचं काय, नोकऱ्या आहेत का, आणि रोज असं बघून हिचंच मन खचलं तर?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते.

मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी मी नऊ वर्षं एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. एका रात्री १३ वर्षांची मुलगी आली. कपाळभर अंगारा. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, आईलाही ओळखत नव्हती. अंगात आलंय म्हणून दोन दिवस देवऋषीकडे ठेवलेली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आधी ताप बघितला, मान ताठ आहे का बघितलं, साखर तपासली, कारण असं अचानक बदललेलं वागणं मेंदूज्वराचंही असू शकतं. तोवर सिस्टरनी ट्रॉलीवरची कात्री उचलून खिशात टाकली. आई सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. मग स्टूल ओढून त्या खाली बसल्या, मुलीला मान वर करावी लागू नये म्हणून. "मी इथंच आहे. बोलायचं नसेल तर नको बोलूस. पाणी देऊ?" पुढची वीस मिनिटं त्या दुसरं काही बोलल्या नाहीत. पाणी मात्र तिने घेतलं.

ताई, या कामाचा मोठा भाग असाच असतो. बाहेरच्यांना वाटतं, कोणीतरी मुलाला समजावतं आणि मूल शहाणं होतं. प्रत्यक्षात त्या रात्री समजावणं जवळपास नसतंच. मूल सुरक्षित ठेवायचं, शरीराचं दुखणं सुटत नाही ना बघायचं, आणि "का केलंस?" विचारणाऱ्या काकांना हळूच बाहेर न्यायचं. एक प्रश्न मात्र सरळ विचारायला शिकावं लागतं: "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला हायसं वाटतं. पण हा प्रश्न आवाज न कापता विचारायला सराव लागतो, आणि तो शिक्षणातून येतो.

मन खचतं का? खचतं. पण माझ्या पाहण्यातली जी माणसं हे काम सोडून गेली, ती दुःख बघून गेली नाहीत. एकटी पडली म्हणून गेली. म्हणून लेक पुढे मुलाखतीला जाईल तेव्हा पगाराइतकंच हेही विचारू द्या: अवघड केसनंतर बसून बोलायला वरिष्ठ कोण आहे? सलग किती नाइट लावता? तिची ड्युटी संपल्यावर मूल कोणाच्या हवाली करायचं? ही उत्तरं गुळमुळीत आली तर ती जागा नको.

शिक्षणाचं आता. वाटा तीन आहेत. नर्सिंग ही मुलाजवळ सर्वांत जास्त वेळ असण्याची वाट. बारावी कला शाखेतून झालेली असली तरी तीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगची पदविका) करता येतं, पण पदवीनंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) व्हायचं तर एम.ए.नंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी हवी. तिथल्या जागा फार थोड्या, आणि अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे. संस्थेचं नाव त्या वर्षाच्या मान्यतेच्या यादीत आहे ना, हे परिषदेच्या संकेतस्थळावर बघितल्याशिवाय फी भरू नका. तीन महिन्यांत 'समुपदेशक' करून देणाऱ्या प्रमाणपत्रांच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका. त्यावर संकटातलं मूल कोणी हाती देणार नाही, आणि देऊही नये.

तिसरी वाट वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्याची. तुमच्या लेकीसाठी माझं मत हिच्याच बाजूने आहे. दोन वर्षांचं एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, मुंबईत निर्मला निकेतन आणि टाटा समाजविज्ञान संस्था. देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र १९३७ साली टाटा संस्थेनेच मुंबईत काढलं, आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही १९९६ मध्ये तिथल्याच प्रकल्पातून उभी राहिली. म्हणजे या कामाची मुळं आपल्याच मातीत आहेत, हे तिच्या बाबांना जरूर सांगा. या अभ्यासक्रमात आठवड्यातले दोनेक दिवस क्षेत्रकार्य असतं. हे काम आपल्याला झेपतं की नाही, हे नोकरीच्या आधीच कळतं.

हीच वाट का, तर माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलीला आम्ही घरी सोडलं. मी तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली आणि फाइल मिटली. ती तारखेला आलीच नाही. दोन महिन्यांनी पुन्हा कॅज्युअल्टीत आली, पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत. मी चिठ्ठी दिली होती, पण एसटीचं भाडं, शेतीची कामं, शेजाऱ्यांच्या नजरा, यातलं काहीच विचारलं नव्हतं. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या मुलीमुळे ते समजलं. त्यानंतर मी पहिल्या दोन दिवसांत फोन करायला लागले, शाळेतल्या एका शिक्षकांना घरच्यांच्या संमतीने विश्वासात घ्यायला लागले, औषधं आणि फवारणीचं सामान कुलपात ठेवलंय ना, हे विचारायला लागले. हे काम समाजकार्यकर्त्याचं असतं, आणि नेमकी तीच जागा पुष्कळ ठिकाणी रिकामी असते.

त्याला कायद्याचाही आधार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, घरचं किंवा नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत लागतं, आणि मुलाला दाखल केल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते. हे सगळं त्या रात्री घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगणारं कोणीतरी लागतं.

नोकऱ्या आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, बालकल्याण समितीसोबत काम करणाऱ्या संस्था. पण खरं तेच सांगते, यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी आहेत, दरवर्षी नूतनीकरणाची धाकधूक असते आणि सुरुवातीचा पगार शिक्षकाच्या कायम नोकरीशी तुलना करण्याजोगा नसतो. बाबांची काळजी या बाबतीत रास्त आहे. कायम पदांच्या जाहिराती कमी निघतात, निघाल्या की अर्ज करायचाच.

निर्णयाआधी एक करा. एखाद्या निवांत संध्याकाळी तिला विचारा, त्या चार रात्रींतलं तुला काय आठवतं? "मी होते म्हणून तो वाचला" असं ती म्हणाली, तर थोडं थांबा. तिच्या मनात अजून तीच रात्र चालू आहे. आधी तिलाच कुणाशी तरी बोलू द्या, प्रवेश पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. "त्याला झोप लागेपर्यंत मी बसले, मग सिस्टर आल्या आणि मीही झोपले" असं काही म्हणाली, तर फॉर्म भरा.

आणि ताई, तुमच्या पत्रात भाच्याबद्दल पुढे काहीच नाही. तो औषधं घेतोय का? पुढची तारीख कधीची आहे? चुकली असेल तर याच आठवड्यात त्याला घेऊन जा. मधल्या काळात काही वाटलं तर १४४१६ वर टेलिमानसला फोन लावा, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर त्याच्याही फोनमध्ये घालून ठेवा. तो कसा आहे ते मला कळवा.

तुमची,
मार्गदर्शक ताई