मैदान बंद करण्याआधी

सप्रेम नमस्कार ताई,

लालबागहून आलेले तुमचे पत्र वाचले. सातवीतला तुमचा मुलगा शाळेच्या कबड्डी संघाचा चढाईपटू आहे. तो मराठीचा धडा घडाघडा वाचत असताना तुम्ही सहज डोकावलात, तेव्हा पुस्तकात भलताच धडा उघडा होता. बहिणीकडून ऐकून तो धडे पाठ करतो, सरांनी व्हॉट्सॲपवर टाकलेली संघाची यादी 'माझा फोन हँग झालाय' असे सांगून मित्राकडून वाचून घेतो आणि बस पाटीवरून नव्हे, क्रमांकावरून ओळखतो, हे तुम्हाला त्यानंतर उमगले. त्याचे वडील सराव बंद करा म्हणतात, तर तुम्ही विचारता की त्याला सरळ निवासी क्रीडा संस्थेतच घालावे का.

माझ्या मते यांतला कोणताही निर्णय आज घेऊ नये.

नुसते ऐकून पानभर मजकूर लक्षात ठेवणाऱ्या मुलाला आळशी किंवा मंद म्हणता येत नाही. वर्गातल्या इतरांपेक्षा तो दुप्पट कष्ट घेत आहे, फक्त ते वाचण्याऐवजी लपवण्यात खर्ची पडत आहेत. हा डिस्लेक्सिया असू शकतो. त्यात बुद्धी चांगली असूनही अक्षर आणि उच्चार यांची सांगड पटकन बसत नाही. घ-ध, भ-म यांची गल्लत होते, जोडाक्षराशी गाडी अडते. पण तुम्हीच लिहिले आहे की त्याची दुसरी करोनाकाळात मोबाइलवर झाली. तेव्हा कदाचित वाचनाचा पायाच कच्चा राहिला असेल, कदाचित चष्मा लागला असेल. पत्रावरून निदान करणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्या. त्यानंतर शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे के. ई. एम. किंवा नायर रुग्णालय यांपैकी एका ठिकाणी अध्ययन अक्षमतेच्या (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) तपासणीसाठी नाव नोंदवा. बुद्धिमापन आणि शैक्षणिक चाचण्या एका फेरीत होत नाहीत. शाळेचे पत्र, प्रगतिपुस्तक आणि त्याच्या जुन्या वह्या बरोबर ठेवा, आणि हो, त्या वह्या नीटनेटक्या करून नेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. 'दिव्यांग' हा शब्द ऐकून त्याचे वडील बिथरतील, हे मी गृहीत धरतो. त्यांना पहिल्याच भेटीला बरोबर न्या. मात्र सवलत म्हणजे उपचार नव्हे. वाचन सुधारते ते विशेष शिक्षकाकडे नियमित बसूनच.

आता क्रीडा संस्थेविषयी. खेळात गेल्यावर वाचनाशी संबंध सुटेल, असे तुम्हाला वाटत असावे. तसे होत नाही. महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायलाही बारावी लागते आणि शारीरिक शिक्षणाच्या बी.पी.एड.साठी पदवी लागते. त्याहून गंभीर बाब उत्तेजकांची आहे. बंदी असलेल्या द्रव्यांची जागतिक यादी दर 1 जानेवारीला नव्याने लागू होते आणि खेळाडूच्या शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूचीच असते. 'मला ठाऊक नव्हते' एवढे सांगून सुटका होत नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली दरवेळी कोणाकडून तरी वाचून घेणारा खेळाडू दुसऱ्याच्या हाती आपली कारकीर्द देतो. शिवाय घरापासून दूर, वसतिगृहात, हे गुपित सांभाळताना बहीणही जवळ नसेल.

वडिलांचा उपाय तर मला मुळीच पटत नाही. दिवसातले जे दोन तास तो कोणापासून काही लपवत नाही, तेच तुम्ही काढून घ्याल. चढाईला तो 30 सेकंदांत सात जणांचे पाय, हात आणि कोपरा-रक्षकाची हालचाल टिपतो, हे वडिलांनी एकदा मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे.

त्याला 'तू फसवलेस' असे म्हणू नका. 'पाठ करायला किती वेळ लागतो रे तुला?' एवढेच विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका. त्याच्या परवानगीनेच प्रशिक्षकांच्या कानावर घाला; यादी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवली तर त्याला एकट्याला वेगळे काढल्यासारखे होणार नाही.

बुधवारी सराव नसतो असे तुम्ही लिहिले आहे. जमल्यास रुग्णालयाची तारीख बुधवारचीच मागून घ्या, नाहीतर तपासणी हीच त्याला शिक्षा वाटेल.