प्रश्न तुमचे : क्युबाचं भांडण मिटलं ते दमाने की सौद्याने?

प्रश्न : आमच्या ग्रुपवर परवा जोरात वाजलं. एक मित्र म्हणतो १९६२ला क्युबावरून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी दम भरला, रशियाने शेपूट घातली आणि अणुयुद्ध टळलं, चर्चाबिर्चा सगळ्या गप्पा. खरं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : मित्राने अर्धीच गोष्ट ऐकलीये. त्याचा दोष नाही, उरलेली अर्धी अमेरिकेनेच पंचवीसेक वर्षं दाबून ठेवली होती.

१४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या हेरविमानाने क्युबाचे फोटो काढले, १६ला ते केनेडीसमोर आले आणि २२ला त्याने टीव्हीवर जाहीर केलं की तिथे रशियन मिसाईल आहेत, आता शस्त्रं घेऊन जाणारी जहाजं आम्ही समुद्रातच अडवणार. इथपर्यंत दमच. पण २७ तारखेचा शनिवार बघा. सकाळी रशियाचा नेता ख्रुश्चेव्ह याची नवी अट आली की तुर्कस्तानातली तुमची ज्युपिटर नावाची अणुमिसाईल काढा, मग आम्ही क्युबातली काढतो. त्याच दिवशी क्युबावर एक यू-२ पाडलं गेलं, पायलट मेजर रुडॉल्फ अँडरसन मेला, आणि तिकडे समुद्रात अमेरिकन जहाजं एका रशियन सबमरीनला वर यायला लावायला स्फोटकं टाकत होती, त्या सबमरीनवर अणुटॉर्पेडो आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. व्हाइट हाऊसमधले बहुतेक सल्लागार म्हणत होते तुर्कस्तानचा सौदा नको, नाटो या आपल्या लष्करी गटातल्या दोस्तांना काय वाटेल. केनेडीचंच म्हणणं वेगळं होतं, जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला हा सौदा वाजवीच वाटणार, मग तो नाकारून युद्ध करायचं तरी कसं.

शेवटी त्या संध्याकाळी त्याचा भाऊ रॉबर्ट रशियन राजदूत दोब्रिनिनला एकट्याने भेटला. तुम्ही मिसाईल काढा, आम्ही क्युबावर हल्ला करणार नाही असं उघड सांगतो, आणि तुर्कस्तानातली १५ ज्युपिटर चार-पाच महिन्यांत जातील, पण हे शेवटचं कुठे बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओने माघार जाहीर केली आणि १९६३च्या एप्रिलपर्यंत ज्युपिटर खरंच गेली. आता दमाचा काहीच उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही, ख्रुश्चेव्ह तोपर्यंत बराचसा माघारीकडे झुकला होता असं अनेक अभ्यासक मानतात. तरी सौदा झाला हे झालंच.

गंमत पुढे आहे. एक-दोन दिवसांनी दोब्रिनिन हाच सौदा लिहिलेलं पत्र घेऊन आला तर रॉबर्टने ते परत केलं, लेखी काही नको. ज्या तुर्कस्तानातली मिसाईल जाणार होती त्यालाही विचारलं नव्हतं, आणि क्युबाचा नेता कॅस्ट्रो याला तर माघारीची बातमी इतर जगाबरोबरच कळली. १९८९ला मॉस्कोतल्या एका परिषदेत केनेडीचा सहकारी सोरेन्सन याने कबूल केलं की रॉबर्टच्या आठवणींचं संपादन करताना त्यानेच हा भाग झाकला होता.

माझ्या मते गुप्तता नसती तर त्या आठवड्यात डील झालंच नसतं, पण तिची किंमतही जबर होती. आपण काय मिळवलं हे ख्रुश्चेव्हला घरी दाखवताच आलं नाही, १९६४ला त्याची खुर्ची गेली त्यामागे क्युबाची नामुष्की हे एक कारण होतंच. आणि वॉशिंग्टनमध्ये पुढच्या पुढाऱ्यांना धडा मिळाला तो तुमच्या मित्राचा, डोळे वटारले की समोरचा पळतो.

प्रश्न : वॉशिंग्टन आणि मॉस्कोला थेट जोडणारा तो लाल फोन खरंच होता का हो? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नव्हता! २६ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्हने पाठवलेलं लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पूर्ण मिळायला जवळजवळ १२ तास गेले, म्हणून तर २८ला सगळ्यांदेखत रेडिओवरून उत्तर द्यावं लागलं. मग जून १९६३मध्ये जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला दोघांमधली थेट लाईन, म्हणजे हॉटलाईन, सुरू झाली, पण ती टेलिप्रिंटरची, टाइप केलेल्या मजकुराची. मुद्दाम तशीच ठेवली, कारण फोनवर रागात काहीही बोललं जातं, दुभाष्याची चूक होते, आणि कागद वाचून जरा विचार करता येतो.

प्रश्न : मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडे घराघरात फक्त चीनचंच बोलणं, क्युबाचं नाव ऐकल्याचंही आठवत नाही. आपला याच्याशी काही संबंध होता का? – एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : आठवणार कसं काका, चीनचा हल्ला २० ऑक्टोबरचा आणि केनेडीचं भाषण २२चं, एकाच आठवड्यात दोन्ही. पण संबंध होता आणि तो आपल्याला चांगलाच झोंबला. क्युबावरून युद्ध पेटलं तर चीन आपल्या बाजूला हवा म्हणून मॉस्कोने तेवढ्यापुरती चीनची तळी उचलली, २५ ऑक्टोबरच्या ‘प्रावदा’ या रशियाच्या सरकारी पक्षाच्या पेपरने चीनच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला आणि नेहरूंना मोठा धक्का बसला. क्युबाचं निवळल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोच पेपर पुन्हा मधल्या सुरात बोलायला लागला. बड्यांच्या भांडणात तिसऱ्याचं काय होतं ते यात दिसतं.

अजून एक धागा. संयुक्त राष्ट्रांचे हंगामी सरचिटणीस तेव्हा ब्रह्मदेशचे यू थांट. त्यांनी २४ तारखेला केनेडी आणि ख्रुश्चेव्ह दोघांनाही पत्रं पाठवली की थोडे दिवस तुम्ही जहाजं पाठवू नका आणि तुम्ही अडवू नका. याचं श्रेय त्यांना फार कमी मिळतं, खरंतर दोघांनाही कोणीतरी तिसऱ्याने ‘थांबा’ म्हणायला हवंच होतं, म्हणजे आपण घाबरून थांबलो असं दिसत नाही. पुढे ते क्युबाची राजधानी हवानाला गेले तेव्हा सोबत त्यांचे लष्करी सल्लागार होते, आपल्या भारतीय लष्कराचे इंदरजित रिखये. कॅस्ट्रो भडकलेलाच होता, त्याने आपल्या जमिनीवर तपासणी करू द्यायला साफ नकार दिला. शेवटी परतीच्या रशियन जहाजांच्या डेकवर मिसाईल ठेवलेली आणि अमेरिकन विमानं वरून मोजतायत असा तोडगा निघाला, ४२ मोजली.

प्रश्न : आता तर हॉटलाईन आहे, सॅटेलाईट आहेत. मग एवढी काळजी कशाला? – एक वाचक, दुबई

उत्तर : कारण लाईन असली तरी बोलायचं कशावर, हे करार ठरवतात. १९८७ला अमेरिकेचे रेगन आणि रशियाचे गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची मिसाईलच संपवायचं ठरवलं, २,६९२ नष्ट झाली, एकमेकांच्या तळांवर इन्स्पेक्टर जाऊन बघून आले. तो करार २०१९ला मोडला. मग उरला न्यू स्टार्ट हा करार, त्यात अमेरिका आणि रशिया दोघांना तैनात अण्वस्त्रांची मर्यादा १,५५० होती. त्याची मुदत एकदाच वाढवता येत होती, ती २०२१ला वाढवून झाली, २०२३ला रशियाने अंमलबजावणी थांबवली आणि वाढीव मुदतही ५ फेब्रुवारी २०२६पर्यंतचीच होती. सॅटेलाईटवरून मिसाईलचा तळ दिसतो, पण त्या मिसाईलवर किती बॉम्ब बसवलेत ते तिथे जाऊन झाकण काढल्याशिवाय कळत नाही, आणि इन्स्पेक्टरांचं येणं-जाणं कोविडमुळे मार्च २०२०ला जे थांबलं ते या करारात पुन्हा सुरू झालंच नाही.