पुस्तकातला नमुना आणि घरातली वाकळ : वाचकांचे प्रश्न

सातारा-सांगलीकडून गोधडीवर बरेच प्रश्न आले आहेत. नवीन नमुने कुठून मिळवायचे, हा त्यांतला मोठा भाग. जे प्रश्न सारखेच होते ते एकत्र केले आहेत.

विटा : आमच्याकडे वाकळा पूर्वीपासून शिवतात, पण नमुने तेच ते होतात. चांगली पुस्तकं सुचवाल का? इंग्रजी फारसं जमत नाही.

इंग्रजी अडणार नाही. या पुस्तकांत फोटोच जास्त कामाचे असतात, फक्त ते कसे बघायचे हे ठरवून घ्या. सुरुवात आपल्याच मुलखापासून करा. गीता खंडेलवाल यांचं 'गोधडीज ऑफ महाराष्ट्र' हे आपल्याकडच्या गोधड्यांवरचं पुस्तक. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाने २००९ मध्ये काढलेलं 'कांथा : द एम्ब्रॉयडर्ड क्विल्ट्स ऑफ बेंगॉल'. कांथा म्हणजे बंगाली बायकांच्या भरतकाम केलेल्या गोधड्या. जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि साधा धावदोरा, म्हणजे सामान आपलंच. पण कमळाभोवतीची मोकळी जागा त्या बायका कशी भरतात ते नीट बघा. टाका पाकळीच्या कडेला समांतर फिरत बाहेर जातो, त्यामुळे कापडावर बारीक लाटा उठतात. आपण सरळ ओळी मारतो तिथे हे एवढं केलं तरी त्याच साडीची वाकळ वेगळी दिसते.

तिसरं पुस्तक 'द क्विल्ट्स ऑफ जीज बेंड', २००२ चं. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर वसलेल्या गावातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या त्यात आहेत. शेतात घालून विटलेल्या पँटी त्यांनी तशाच वापरल्या आहेत. उसवलेल्या खिशाखालचं न विटलेलं गडद कापड त्यांनी लपवलेलं नाही, तोच नमुना झाला आहे. आपल्याकडे जुन्या पँटींचा ढीग प्रत्येक घरात असतो, म्हणून हे पुस्तक आम्हाला सगळ्यांत जवळचं वाटतं.

ही पुस्तकं महाग आहेत. गावच्या ग्रंथालयात मागणी नोंदवा. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कांथांचे फोटो फुकट बघायला मिळतात, मोठे करून टाका मोजता येतो.

फोटो बघताना रंगांवर थांबू नका. शिवण कुठून सुरू झाली, कोणता तुकडा कोणाच्या वर बसला आहे आणि टाका कोणत्या दिशेने गेला आहे, हे शोधून कागदावर काढा. मग घरातल्याच कापडाचा दीड फुटाचा चौकोन शिवून एकदा धुवा. धुतल्यावर जो नमुना टिकला तोच मोठ्या वाकळेला घ्यावा.

कराड : कडेपासून आत शिवत आणलं की मधोमध कापडाचा फुगा येतो आणि शेवटी चुणी घालावी लागते. सिद्दी बायकाही कडेपासूनच शिवतात, मग त्यांच्या गोधड्या सपाट कशा?

प्रत्येक टाका वरचं कापड केसभर पुढे ढकलतो. खालचा थर जमिनीवर पडून असतो, तो हलत नाही. एका वाकळेत हजारो टाके पडतात, आणि ते सगळं सरकलेलं कापड जिथे शिवण शेवटी पोचते तिथे गोळा होतं. तुमच्या बाबतीत ती जागा म्हणजे मध्य.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. त्यांच्या गोधडीला, म्हणजे कवंदीला, वरचं सलग कापड नसतंच. तुकडे शिवता शिवता लावले जातात, आणि सरकलेलं कापड पुढच्या तुकड्याखाली जातं. तुम्हाला करायचं असेल तर असं करा. खाली अस्तराची साडी अंथरा आणि चारही कडा अर्धा इंच आत दुमडा. कोपऱ्यापासून पहिला तुकडा ठेवा, बाहेरची कड अस्तराच्या कडेला जुळवून आत दुमडा आणि कडेलगत धावदोरा सुरू करा. तुकडा संपत आला की दुसऱ्याची कड अर्धा इंच दुमडून त्याच्यावर चढवा आणि न थांबता पुढे चला. पूर्ण फेरी झाली की अर्ध्या ते पाऊण इंचावर आतली फेरी. तुकड्याची आतली कड दुमडू नका, ती पुढच्या तुकड्याखाली झाकली जाते. तिथे अर्धा इंच कापड मोकळं राहिलंच पाहिजे. कमी राहिलं तर दोन धुण्यांत तुकडा निसटतो. चार कोपऱ्यांना चौकोनी चिंधी दोनदा दुमडून केलेली त्रिकोणी फुलं लावतात, त्यांना फुला म्हणतात. ती नसतील तर गोधडी अपुरी मानतात.

वर सलग साडीच हवी असेल तर कच्चे टाके घातल्याशिवाय गत्यंतर नाही. फरशीवर थर अंथरा, गादीवर नको. दोघींनी समोरासमोरचे कोपरे धरून सुरकुती जाईपर्यंतच ओढा. ताणून बसवलेलं कापड सोडल्यावर मागे येतं आणि चुण्या पडतात. मधून बाहेर, चार चार बोटांच्या अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घाला. पक्का टाका घालताना दर वितीला शिवलेली ओळ चिमटीत धरून हलकेच ओढा, म्हणजे दोरा आवळलेला राहत नाही.

फुगा आधीच आला असेल तर चुणी नको, अंगाखाली टोचते. आतल्या तीन-चार फेऱ्या उसवा, फुगलेलं कापड मधोमध कापा, कडा एकमेकींवर चढवून सपाट करा आणि वर एक देखणा तुकडा लावा. खणाचा चौकोन तिथे शोभतो.

दहिवडी : चौकोन जोडताना शेवटच्या ओळींची टोकं जुळत नाहीत. कापताना तर सगळे मोजून कापले होते.

कापण्यात चूक नसेल, मायेत आहे, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाच्या कडेत. दोन सूत म्हणजे पाव इंच माया धरायची आणि शिवताना ती अडीच सूत घेतली, तर प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंचं मिळून एक सूत कापड जास्त जातं. अकरा चौकोनांच्या ओळीत दहा जोड, म्हणजे सव्वा इंच गेला. एक ओळ अशी आणि दुसरी बरोबर, की टोकं जुळणार कशी? मशीनवर सुईपासून दोन सुतांवर चिकटपट्टी लावा आणि कापड तिला टेकवून चालवा. हाताने शिवत असाल तर उलट बाजूला पेन्सिलीने रेघ मारून घ्या. पहिले तीन चौकोन जोडून मोजा, मगच पुढे जा. शिवून चार इंच भरणारे, म्हणजे साडेचार इंचांचे कापलेले तीन चौकोन जोडल्यावर कच्च्या कडेपासून कच्च्या कडेपर्यंत साडेबारा इंच भरले पाहिजेत.

आणखी एक बघा. काही चौकोन तिरपे कापलेत का? तिरपं कापड हातात धरलं तरी ताणतं. कड नेहमी धाग्याच्या रेषेत कापा.

मिरज : नवीन लाल कापड जुन्या साड्यांवर लावलं. पहिल्याच धुण्यात रंग उतरला आणि वाकळ आकसली. कापड मिठाच्या पाण्यात भिजवलं होतं.

रंगवलेल्या सुती कापडाचा रंग मिठाने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. धाग्याला न चिकटलेला जादा रंग धुऊनच काढावा लागतो. गरम पाणी आणि साबण, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ओल्या कापडावर पांढरी चिंधी ठेवून इस्त्री फिरवा. चिंधीला रंग लागला तर ते कापड वाकळेत घेऊ नका.

आकसण्याचं कारण वेगळं. जुनी साडी जेवढी आकसायची तेवढी आकसून झालेली असते, नवीन सुती कापड शंभर इंचांत तीन-पाच इंच सहज आकसतं. म्हणून नवीन कापड कापण्याआधीच दोनदा धुवा. पॉलिस्टरची साडी सुतीबरोबर एका वाकळेत घालू नये, असं आमचं ठाम मत आहे. ती टाक्याखाली सरकते, घाम शोषत नाही आणि आजूबाजूचं सुती कापड आकसलं की तेवढीच फुगून राहते.

वाई : पुस्तकं न घेता नमुने कुठे शोधावेत?

आधी ठिपक्यांच्या रांगोळीच्या वह्या काढा. ठिपके म्हणजे आयती चौकट. चौकटीच्या कागदावर रांगोळी उतरवा. सरळ रेषांनी घेरलेली घरं पूर्ण चौकोन होतात, तिरपी रेषा ज्या घरातून जाते तिथे दोन रंगांचे दोन त्रिकोण येतात. वळणाच्या रांगोळ्या सोडून द्या, त्या तुकड्यांपेक्षा टाक्यांत चांगल्या उतरतात.

मापं अशी बसतात. सहावारी साडी साडेपाच मीटर, तिचे तीन समान तुकडे केले की प्रत्येक सहा फूट लांब आणि साधारण ४५ इंच रुंद. एका माणसाच्या वाकळेचे तीन थर एका साडीत झाले. वरच्या तोंडाला चार इंचांचे १७ ओळी, प्रत्येकीत ११ असे १८७ चौकोन घ्या. दोन्ही आकडे विषम, म्हणून रांगोळीचा मध्य बरोबर एका चौकोनात येतो. तोंड ६८ बाय ४४ इंच होतं, बाकीचं कड दुमडण्यात जातं. प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा कापा. ४५ इंची कापडात काठ सोडून एका पट्टीत नऊ निघतात. दोन रंग निम्मेनिम्मे असतील तर प्रत्येकी अकरा पट्ट्या, म्हणजे सव्वा मीटरच्या किंचित वर. दीड मीटर घ्या. त्रिकोणांसाठी मात्र चौकोन ४ इंच ७ सुतांचा कापून मग कर्णावर दुभागायचा. साडेचारचाच दुभागला तर त्रिकोण लहान पडतात, ही चूक जवळजवळ प्रत्येकीची होते.

सांगली : निळ्या कापडावर पांढऱ्या टाक्याचं जपानी काम, सशिको, गोधडीवर चालेल का? दोरा कोणता?

चालेल, पण दोन थरांवर. चार थरांतून इतके नेमके टाके निघत नाहीत. वरून दिसणारा टाका आणि मधली फट यांचं प्रमाण तीनास दोन ठेवा. रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे टाके एकमेकांवर चढवू नका, मध्यात बारीकशी जागा मोकळी सोडा. वळणावर मागच्या बाजूला दोरा थोडा सैल ठेवा, नाहीतर कोपरा गोळा होतो. सशिकोचा खास दोरा मिळाला नाही तर भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे तीन-चार पदर घ्या. दोरा हातभरच तोडा. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन पिंजतो. सुई लांब आणि मोठ्या नाकाची. दाभण नको, त्याची भोकं धुतल्यावरही बुजत नाहीत.

पाटण : पावसाळ्यात वाकळ वाळत नाही, वास येतो.

थर कमी करा. पाटणच्या पावसाला सहा थरांची एक वाकळ नको, तीन थरांच्या दोन करा आणि थंडीत एकावर एक घ्या. धुतल्यावर पिळू नका, टाके तटतात. आडव्या बांबूवर निथळू द्या, मग दोन दोरींवर तंबूसारखी टाका म्हणजे मधून वारा जातो. दर दोन-तीन तासांनी दुमडलेली बाजू बदला. कपाटात ठेवण्याआधी मधला भाग दोन्ही तळव्यांत दाबून बघा. जरासा गार लागला तरी आत ओल आहे, आणखी एक दिवस बाहेर ठेवा.